शिफारसपत्र मागावे कोणाकडे?

आंतरवासिता संपवून, वर्ष-दोन वर्षे कोठेतरी उमेदवारी केलेले तरुण वैद्य अधूनमधून आमच्या चिकित्सालयात येतात. रुग्णांच्या रांगेतच शेवटच्या बाकावर बसतात. हाती प्लास्टिकची फाइल असते, चेहऱ्यावर संकोच असतो. रुग्ण संपले, की आत येऊन नमस्कार करतात आणि शिफारसपत्राचा विषय काढतात. यंदा पावसाळ्याच्या आरंभी असाच एक तरुण आला. एका मोठ्या आयुर्वेद रुग्णालयात पंचकर्म विभागातील निवासी वैद्याच्या जागेसाठी त्याला अर्ज करावयाचा होता. अर्जासोबत दोन शिफारसपत्रे मागितली होती.

"सर, आपल्या नावाला वजन आहे. दोन ओळी लिहून दिल्यात तरी पुरे," तो म्हणाला.

आम्ही त्याला त्यापूर्वी एकदाच पाहिले होते. एका कार्यशाळेत, अर्धा दिवस, आणि तेही श्रोत्यांत बसलेला. आम्ही विचारले, "पदवीनंतर तुम्ही काम कोणाकडे केलेत?" त्याने एका तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वृद्ध वैद्यांचे नाव सांगितले. त्यांच्याकडे तो सव्वा वर्ष होता. रोज बस्तीची तयारी तोच करीत असे.

"मग पत्र त्यांच्याकडे का मागत नाही?"

"त्यांना बाहेर कोण ओळखतो सर? शिवाय ते मराठीतच लिहितात."

आम्ही त्याला पत्र दिले नाही. तो खिन्न होऊन गेला. त्याला नकार का दिला, हे त्या वेळी जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. परंतु हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. पत्र मागणारे, पत्र लिहिणारे आणि पत्र वाचून माणूस नेमणारे असे तिन्ही प्रकारचे लोक या त्रैमासिकाच्या वाचकांत आहेत. म्हणून हा विषय येथे विस्ताराने मांडीत आहोत.

दाखला वेगळा, शिफारस वेगळी

आपल्याकडे या दोहोंची नेहमी गल्लत होते. महाविद्यालयाने दिलेले आंतरवासिता पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचे नोंदणीपत्र, पूर्वीच्या नोकरीचे अनुभवपत्र, वर्तणुकीचा दाखला हे सारे दाखले होत. अमुक व्यक्ती अमुक काळ अमुक ठिकाणी होती, एवढेच ते सांगतात. ती व्यक्ती तेथे काय करीत होती, कशी करीत होती आणि अडचणीच्या वेळी कशी वागली, हे दाखल्यात नसते. तेथे त्याची अपेक्षाही नसते. ते सांगणे हे शिफारसपत्राचे काम आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात विशिखानुप्रवेशनीय नावाचा अध्याय आहे. व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी वैद्याने काय काय केलेले असावे, ते तेथे सांगितले आहे. त्याने शास्त्र शिकलेले असावे, त्याच्या अर्थाचे मनन केलेले असावे, कर्म डोळ्यांनी पाहिलेले असावे, स्वतःच्या हाताने त्याचा अभ्यास केलेला असावा आणि शेवटी राजाची अनुज्ञा मिळवलेली असावी. आजच्या काळात राजाची अनुज्ञा म्हणजे कौन्सिलची नोंदणी. शास्त्र शिकल्याची साक्ष पदवी देते. मात्र कर्म पाहिले आणि हाताने केले, याची साक्ष कोण देणार? ती देणारा माणूस तेथे उपस्थित असलाच पाहिजे. शिफारसपत्र कोणाकडे मागावे, याचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

तिस्रैषणीय अध्यायातील कसोटी

उरलेले अर्धे उत्तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, म्हणजे तिस्रैषणीय अध्यायात आहे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही चतुर्विध परीक्षा आपण सर्वांनी पहिल्या वर्षी पाठ केली. निवड करणाऱ्याच्या खुर्चीत बसून तिच्याकडे पाहावे. त्याला उमेदवाराच्या कर्माचे प्रत्यक्ष नाही. तो अर्ध्या तासाच्या मुलाखतीत मिळत नाही. त्याच्या हाती असतो तो दुसऱ्याचा शब्द, म्हणजे आप्तोपदेश. पत्रातील बारीकसारीक तपशिलांवरून तो अनुमान करतो. दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली पत्रे एकत्र ठेवून, त्यांचा मेळ बसतो की नाही हे पाहतो, तेव्हा तो युक्तीचा आश्रय घेत असतो.

आता आप्त कोण? रज आणि तम या दोषांपासून जो मुक्त आहे, तो आप्त, असे शास्त्र मानते. तेवढी उंची आम्हा संसारी माणसांना कोठून यावी! तरीही व्यवहारापुरता अर्थ स्पष्ट आहे. ज्याला आपल्याविषयी आंधळी ममता नाही, राग नाही आणि अज्ञानही नाही, त्याचा शब्द चालतो. मामा, सासरे, वडिलांचे स्नेही ममतेमुळे बाद होतात. भांडून सोडलेल्या ठिकाणचा मालक रागामुळे बाद होतो. आणि ज्याने आपले काम कधी पाहिलेच नाही असा थोर पुरुष, कितीही थोर असला, तरी अज्ञानामुळे बाद होतो.

याच अध्यायात पुढे वैद्यांचे तीन प्रकार वर्णिले आहेत : छद्मचर, सिद्धसाधित आणि खरे वैद्यगुणांनी युक्त. यांतील सिद्धसाधित म्हणजे, जे स्वतः तसे नसतात. परंतु संपत्ती, कीर्ती आणि ज्ञान यांनी सिद्ध झालेल्यांच्या नावाचा आधार घेऊन वैद्य म्हणवून घेतात. मोठ्या नावाच्या दोन ओळींवर जागा मिळवू पाहणारा तरुण नकळत आपली गणना कोठे करून घेतो, याचा त्याने विचार करावा.

आमचा पहिला धडा

हे ज्ञान आम्हांस पोथीतून आले, असे मात्र नाही. आंतरवासिता संपवून आम्ही बाहेर पडलो, त्यास आता दोन तपे होत आली. त्या वेळी आम्हीही हेच केले होते. शहरातील एका विख्यात वैद्यांकडे ओळखीच्या ओळखीने गेलो आणि त्यांच्या छापील पत्रावर तीन ओळी मिळवल्या. आम्ही होतकरू, कष्टाळू आणि सद्वर्तनी आहोत, असे त्यात लिहिले होते. ते पत्र आम्ही फार जपून नेले.

निवड समितीतील एका ज्येष्ठ वैद्यांनी ते वाचले, घडी घालून बाजूला ठेवले आणि विचारले, "यांनी तुम्हांला कोणते कर्म करताना पाहिले आहे?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. जागा दुसऱ्याला मिळाली, आणि ते योग्यच झाले.

पुढच्या वेळी आम्ही ज्यांच्याकडे उमेदवारी केली होती, त्या खेड्यातील वैद्यांकडे गेलो. गावात त्यांना सारे 'अण्णा' म्हणत. त्यांनी वहीच्या रेघी कागदावर दीड पान लिहून दिले. निरूहाचा क्वाथ आम्ही रोज स्वतः गाळून घेत होतो, एका रात्री बस्तीनंतर अस्वस्थ झालेल्या रुग्णाजवळ पहाटेपर्यंत बसून राहिलो, आणि नाडीविषयी आमचा आत्मविश्वास वाजवीपेक्षा जास्त आहे, अशा तिन्ही गोष्टी त्यात होत्या. तिसरी वाचून आमचा चेहरा उतरला. परंतु त्या तिसऱ्या वाक्यामुळेच पहिल्या दोन वाक्यांवर विश्वास बसला, असे आम्हांस नेमणाऱ्यांनी नंतर सांगितले.

दुसरा धडा, अधिक महागडा

पहिला धडा आमच्यापुरता होता. दुसऱ्याची किंमत एका रुग्णाने मोजली, म्हणून तो सांगताना आजही संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या मुलासाठी आम्ही पत्र लिहिले. मुलगा घरी येत-जात असे. बोलणे नम्र, पाठांतर उत्तम. 'पंचकर्मात निपुण' हे दोन शब्द आम्ही सहज लिहून गेलो. त्याने केलेले एकही वमन आम्ही पाहिले नव्हते.

त्या पत्रावर त्याला एका पंचकर्म केंद्रात स्वतंत्रपणे काम मिळाले. दुसऱ्याच महिन्यात, कोष्ठ आणि बल यांचा पुरेसा विचार न करता त्याने एका रुग्णास वामक योगाची मात्रा पुन्हा दिली. प्रवर शुद्धीचे आठ वेग होऊन गेले, तरी वेग थांबेनात. अतियोगाची लक्षणे ओळखण्यास उशीर झाला. रुग्णास रुग्णालयात हलवून शिरेतून सलाईन द्यावे लागले. तीन दिवसांनी तो बरा होऊन घरी गेला, ही ईश्वरी कृपा. केंद्राच्या चालकांचा आम्हांस फोन आला. ते रागावले नाहीत. "वैद्यराज, ते पत्र आपलेच ना?" एवढेच त्यांनी विचारले.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला : जे पाहिले तेच लिहावयाचे, पाहिले नसेल तर पत्र द्यावयाचे नाही. शिफारसपत्राच्या दुसऱ्या टोकाला नेहमी एक रुग्ण असतो. तो ते पत्र कधी वाचत नाही, परंतु त्याचा परिणाम तोच भोगतो.

मग मागावे कोणाकडे?

पहिला अधिकार, ज्यांच्या देखरेखीखाली आपण रुग्ण तपासले त्यांचा. त्यांचे गाव लहान की मोठे, नाव छापून येते की नाही, याने फरक पडत नाही. त्यांनी आपल्याला किती काळ आणि किती जवळून पाहिले, एवढेच पाहावे.

दुसरा अधिकार, ज्या अध्यापकांनी आपले काम तपासले त्यांचा. वर्गात शंभर विद्यार्थ्यांना शिकवणारे प्राध्यापक आणि आंतरवासितेत आपली रुग्णपत्रके ओळ न् ओळ वाचणारे अधिव्याख्याते यांत निवड करावयाची झाल्यास, आम्ही दुसऱ्यांकडे जाण्यास सांगू. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी प्रबंधाचे मार्गदर्शक हे नैसर्गिक नाव आहे. विभागप्रमुखांची सही मोठी दिसते, म्हणून त्यांना ओलांडून जाऊ नये.

तिसरा अधिकार, ज्यांनी आपल्यासोबत काम केले त्यांचा. एकाच रुग्णालयातील शल्यचिकित्सक किंवा अन्य पॅथीचे डॉक्टर, ज्यांच्याकडे आपण वेळेवर रुग्ण पाठवले, ते आपली मर्यादा ओळखण्याची बुद्धी सांगू शकतात. ही साक्ष फार मोलाची असते आणि ती मागण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

दोन किंवा तीन पत्रे मागितली असतील, तर तीन माणसांनी तीन निरनिराळ्या बाजू सांगाव्यात अशी निवड करावी. एकाने चिकित्सा, दुसऱ्याने अभ्यास, तिसऱ्याने सहकार्य. तिघांनीही 'कष्टाळू व नम्र' एवढेच लिहिले, तर तीन पत्रे मिळूनही एकच पत्र होते.

कृतज्ञ रुग्णाचे पत्र शिफारस म्हणून जोडू नये. रुग्णाचे समाधान ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चिकित्सा कशी केली हे तो सांगू शकत नाही आणि त्याच्या व्याधीची माहिती उघड होते, ती वेगळीच. लोकप्रतिनिधींचे पत्र तर आणूच नये. ते वाचणाऱ्याला उमेदवाराचे कर्तृत्व कळत नाही, फक्त पोहोच कळते.

औषधनिर्माते बंधूंसाठी

फार्मसीच्या मालकांकडेही अशी पत्रे दोन्ही दिशांनी येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्याखालील नियमांत आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी शेड्यूल टी २००० साली आले, तेव्हापासून स्वच्छता, नोंदी आणि जाणकार तांत्रिक माणसे यांना टाळता येत नाही. असा माणूस नेमताना रसशास्त्रातील गुणपत्रकापेक्षा, त्याला कच्च्या मालाच्या कोठारात आणि भट्टीपाशी कोणी पाहिले आहे, हे विचारावे.

आमच्या परिचयाच्या एका कारखानदारांनी आपल्याकडून गेलेल्या तरुण वैद्याविषयी लिहिलेले पत्र आम्ही वाचले आहे. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसोपालवाची साल आली, ती त्याने ओळखली आणि माल तातडीने हवा असतानाही गोण्या परत पाठवण्याचा आग्रह धरला, असे त्यात होते. भस्माची वारितर आणि रेखापूर्ण परीक्षा सहायकावर न सोपवता तो स्वतः करीत असे, असेही होते. 'प्रामाणिक' हा शब्द त्या पत्रात कोठेही नव्हता. त्याची गरजच उरली नव्हती.

म्हणून फार्मसीत काम केलेल्या वैद्यांनी मालकांकडे पत्र मागण्यास संकोचू नये, आणि मालकांनीही 'आम्ही काही वैद्य नव्हे' म्हणून मागे सरू नये. आपण जे पाहिले, ते महाविद्यालयातील कोणी पाहिलेले नसते.

मागावे कसे?

'पत्र द्याल का?' असे विचारू नये. भिडेपोटी कोणीही 'देतो' म्हणेल. 'माझ्या कामाविषयी आपणांस सविस्तर आणि अनुकूल लिहिता येईल का?' असे विचारावे, आणि नकाराला मोकळी वाट ठेवावी. समोरचा क्षणभर थबकला, 'बघू' म्हणाला, तर तो नकार समजून आभार मानावे. नाखुशीने लिहिलेले कोरडे पत्र, पत्र नसण्यापेक्षा अधिक हानी करते.

किमान तीन आठवडे आधी जावे. सोबत आपला परिचय, ज्या जागेसाठी अर्ज आहे तिची माहिती, शेवटची तारीख आणि त्यांच्याकडे असताना केलेल्या कामाचे एक पान न्यावे. वृद्ध गुरुजनांना वर्षे आठवत नाहीत. ती आठवून देणे हे आपले काम. परंतु पत्र स्वतः लिहून केवळ सहीसाठी पुढे करू नये. दोन उमेदवारांची पत्रे एकाच भाषेत आली, की वाचणाऱ्यास ते तत्काळ कळते आणि सही करणाऱ्याची अप्रतिष्ठा होते. पत्रावर लिहिणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, दूरध्वनी आणि उमेदवारास किती काळ ओळखतो याचा उल्लेख असावा.

परदेशी विद्यापीठांत, विशेषतः सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांसाठी, अनेक आयुर्वेद पदवीधर आज अर्ज करतात. तेथे बहुधा दोन-तीन पत्रे लागतात आणि ती लिहिणाऱ्याने संगणकावरून थेट पाठवावयाची असतात. गुरुजींना हे जमणार नाही, म्हणून अनोळखी पण इंग्रजी जाणणाऱ्याकडे जाणे ही चूक होय. गुरुजींनी मराठीत लिहावे. त्याचे विश्वासू माणसाकडून भाषांतर करून मूळ पत्रासह जोडता येते का, हे संस्थेस आधी विचारून घ्यावे. पत्र पाठवण्यासाठी संगणकावर बसण्यास त्यांच्या घरचे कोणी मदत करू शकते. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मात्र दुसऱ्या कोणास देता येत नाही.

आणि ज्यांच्याकडे सर्वाधिक काम केले, त्यांच्याशीच बिनसले असेल तर? हा प्रश्न खरा आहे. वेतनावरून, स्वतंत्र चिकित्सालय थाटण्यावरून असे प्रसंग घडतात. अशा वेळी त्याच ठिकाणच्या दुसऱ्या ज्येष्ठांकडे जावे. मुलाखतीत विचारलेच, तर कारण एका वाक्यात, कोणाची निंदा न करता सांगावे. तथापि बहुतेक वेळा एकदा जाऊन भेटणे हाच उत्तम उपाय ठरतो. आपण समजतो तेवढा राग गुरुजनांच्या मनात उरलेला नसतो.

ज्येष्ठांचे कर्तव्य

आम्हा पत्र लिहिणाऱ्यांनाही दोन शब्द. नकार देणे हा अपमान नव्हे. पोकळ पत्र देणे हा मात्र अपमान आहे, मागणाऱ्याचाही आणि वाचणाऱ्याचाही. ज्यांना आपण ओळखत नाही, त्यांना योग्य माणसाकडे पाठवावे. आणि ज्यांचे काम आपण पाहिले आहे, त्यांच्यासाठी संध्याकाळचा एक तास काढून नीट लिहावे. आपल्या हाताखाली वर्ष काढलेल्या वैद्याचे ते आपल्यावरचे ऋण असते.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेला तरुण पंधरा दिवसांनी पुन्हा भेटला. तो तालुक्याला जाऊन आला होता. वृद्ध वैद्यांनी त्याला दोन तास बसवून घेतले, जुन्या नोंदवह्या काढल्या आणि दोन पाने मराठीत लिहिली. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "इतकी मुले येऊन गेली, पण पत्र मागायला परत कोणी आले नव्हते." त्या पत्रात त्याच्या नोंदी घाईच्या असतात, असा एक शेराही आहे. तो त्याने आम्हांस स्वतःहून सांगितला आणि सध्या नोंदी सावकाश लिहीत असल्याचेही सांगितले. निवडीचा निकाल हा लेख लिहीपर्यंत लागलेला नाही.

तो काहीही लागो. त्याच्या फाइलमध्ये आता एक असे पत्र आहे, जे वाचून कोणी विचारले, 'यांनी तुम्हांला कोणते कर्म करताना पाहिले?', तर त्याच्यापाशी सव्वा वर्षाचे उत्तर आहे. सुज्ञ वाचकांस याहून अधिक सांगणे न लगे.